एनडीएत निवड होण्याची शक्यता कशी मोजावी आणि कशी वाढवावी

बारावीनंतर भूदलात, नौदलात किंवा हवाई दलात अधिकारी व्हायचे आणि शिक्षणाचा भार घरच्यांवर पडू द्यायचा नाही, अशी इच्छा असलेल्या मुलामुलींसाठी देशातला सर्वांत मोठा मार्ग पुण्याजवळच्या खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, म्हणजेच एनडीएतून जातो. तीन वर्षांचे प्रशिक्षण, निवास, भोजन, गणवेश, पुस्तके आणि वैद्यकीय उपचार यांचा खर्च सरकार करते आणि पालकांना केवळ खिशाखर्च व किरकोळ खासगी खर्च सोसावा लागतो. अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी मिळते. त्यानंतर भूदलाचे कॅडेट डेहराडूनला, नौदलाचे केरळातील एळिमला येथे आणि हवाई दलाचे हैदराबादजवळच्या दुंडिगल येथे पुढील प्रशिक्षणासाठी जातात. डेहराडूनच्या टप्प्यात दरमहा ५६,१०० रुपये विद्यावेतनही मिळते. इतके सारे देणाऱ्या संस्थेच्या दाराशी गर्दी असणे स्वाभाविक आहे, आणि म्हणूनच दहावी-अकरावीतल्या विद्यार्थ्याच्या घरी पहिला प्रश्न येतो तो "निवड होण्याची शक्यता किती?" हा.

या प्रश्नाचे उत्तर एका टक्केवारीत देता येत नाही, कारण निवडीचे टप्पे वेगवेगळे आहेत आणि प्रत्येक टप्प्यावर वेगळी गोष्ट तपासली जाते. लेखी परीक्षेत अडणारा विद्यार्थी, मुलाखतीच्या पाच दिवसांत अडणारा विद्यार्थी आणि वैद्यकीय तपासणीत अडणारा विद्यार्थी यांच्या अडचणी एकमेकींशी संबंधित नसतात. त्यामुळे आपण कोणत्या टप्प्यावर कच्चे आहोत हे लवकर ओळखून तिथे वर्ष-दोन वर्षे काम करणे, हाच शक्यता वाढवण्याचा खरा उपाय आहे. पुढचे सर्व विवेचन या एका मुद्द्याभोवती आहे.

आकडे कसे वाचावेत

सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२१ मधील अंतरिम आदेशानंतर मुलींनाही ही परीक्षा देता येऊ लागली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये झालेल्या परीक्षेला पावणेसहा लाखांच्या आसपास अर्ज आले आणि त्यांत पावणेदोन लाखांहून अधिक अर्ज मुलींचे होते. लेखी परीक्षेत सुमारे ८,००० उमेदवार उत्तीर्ण झाले. त्यांत मुली सुमारे एक हजार होत्या. जागा एकूण ४०० होत्या आणि मुलींसाठी १९. दर हजार अर्जांमागे एक जागाही येत नाही, असा हिशोब करून अनेक घरांतून हा विषय तिथेच मिटवला जातो. हा हिशोब चुकीच्या जागी थांबतो. अर्ज करणाऱ्यांपैकी बरेच जण परीक्षेला येत नाहीत, आणि येणाऱ्यांतले अनेक जण एखादे गाइड चाळून, नशीब अजमावण्यासाठी आलेले असतात. ज्याने दीड-दोन वर्षे नेटाने अभ्यास केला आहे, त्याची स्पर्धा या सगळ्या लाखांशी नसते.

खरी चुरस लेखी परीक्षेनंतर सुरू होते. वरच्या आकड्यांत एका जागेमागे साधारण वीस उत्तीर्ण उमेदवार येतात. मुलींच्या बाबतीत ही संख्या पन्नासच्या पुढे जाते. याचा अर्थ, मुलीला लेखी परीक्षेत केवळ उत्तीर्ण होऊन भागत नाही, तिला गुणांची चांगली शिल्लक घेऊन पुढे जावे लागते. मार्ग अवघड असला तरी तो प्रत्यक्षात चाललेला आहे. ३० मे २०२५ रोजी मुलींच्या पहिल्या तुकडीतील १७ कॅडेट खडकवासल्याहून प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडल्या.

आणखी एक आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. २०२४ च्या दोन परीक्षांच्या अंतिम गुणवत्ता याद्यांत अनुक्रमे ६४१ आणि ७९२ नावे होती, तर जागा प्रत्येक वेळी ४०० च्या आसपास होत्या. यादीत नाव आले तरी क्रम खाली असेल तर प्रबोधिनीत जाणे होईलच असे नाही. वरचे काही उमेदवार वैद्यकीय कारणाने किंवा स्वतःच्या इच्छेने गळतात आणि खालच्यांना संधी मिळते, परंतु त्यावर विसंबून राहणे धोक्याचे आहे.

आपल्या वाट्याला किती संधी येतात

तयारीचा आराखडा आखण्यापूर्वी जन्मतारीख पुढे घेऊन हा हिशोब करावा. केंद्रीय लोकसेवा आयोग ही परीक्षा वर्षातून दोनदा, साधारण एप्रिलमध्ये आणि सप्टेंबरमध्ये घेतो. एप्रिलच्या परीक्षेतून निवडलेल्यांचा अभ्यासक्रम पुढच्या जानेवारीत सुरू होतो आणि सप्टेंबरच्या परीक्षेतून निवडलेल्यांचा पुढच्या जुलैत. अभ्यासक्रम सुरू होताना उमेदवाराचे वय साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षांच्या दरम्यान असावे लागते आणि तो अविवाहित असावा लागतो. बारावीत शिकत असलेल्यांना अर्ज करता येतो. अकरावीत असताना मात्र परीक्षा देऊन उपयोग नाही, कारण बारावी उत्तीर्ण झाल्याचा पुरावा ठरलेल्या मुदतीत देता येत नाही. म्हणून बहुतेकांची पहिली खरी संधी बारावीतल्या सप्टेंबरची असते.

उदाहरणार्थ, जून २००८ मध्ये जन्मलेला आणि २०२५-२६ मध्ये बारावीत असलेला विद्यार्थी सप्टेंबर २०२५, एप्रिल २०२६ आणि सप्टेंबर २०२६ अशा तीन परीक्षा देऊ शकतो. एप्रिल २०२७ च्या परीक्षेसाठी त्याचे वय थोड्या दिवसांनी ओलांडलेले असते. त्याच वर्गातला, ऑक्टोबर २००८ मध्ये जन्मलेला विद्यार्थी एप्रिल २०२७ चीही परीक्षा देऊ शकतो, म्हणजे त्याला चार संधी आहेत. दोघे एका बाकावर बसत असले तरी त्यांचे नियोजन एकच असू शकत नाही. ज्याला तीनच संधी आहेत त्याने बारावीतली सप्टेंबरची परीक्षा "अनुभवासाठी" म्हणून वाया घालवू नये. अधिसूचनेत जन्मतारखेच्या दोन्ही मर्यादा स्पष्ट छापलेल्या असतात. त्या स्वतः वाचाव्यात, कोणाच्या सांगण्यावर राहू नये.

अकरावीला शाखा निवडतानाच आणखी एक निर्णय होऊन जातो. भूदलासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते, परंतु नौदल, हवाई दल आणि एळिमला येथील नौदल अकादमीतील थेट प्रवेश यांसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे तिन्ही विषय बारावीला असावे लागतात. कला किंवा वाणिज्य शाखेतल्या विद्यार्थ्याला दार उघडे असले तरी ते एकाच दलाचे असते, शिवाय परीक्षेतला गणिताचा पेपर त्यालाही चुकत नाही. जीवशास्त्र घेण्यासाठी गणित सोडणाऱ्या विद्यार्थ्याने हा परिणाम समजून घेऊनच निर्णय घ्यावा.

दहावीतच खुला होणारा मार्ग

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला एक संधी अशी आहे, जिची माहिती अजूनही अनेक तालुक्यांत वेळेवर पोहोचत नाही. छत्रपती संभाजीनगर येथे महाराष्ट्र शासनाने १९७७ मध्ये सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था सुरू केली. तिला सगळे एसपीआय म्हणूनच ओळखतात. दहावीच्या वर्षात अर्ज करायचा, साधारण एप्रिलमध्ये लेखी परीक्षा द्यायची, त्यातून मुलाखतीला जायचे आणि निवड झाल्यास अकरावी-बारावीची दोन वर्षे तिथे राहून एनडीएची तयारी करायची, अशी ही रचना आहे. खर्चाचा मोठा भाग शासन उचलते. जागा ६० आहेत. महाराष्ट्राचे रहिवासी मुले अर्ज करू शकतात आणि सीमाभागातल्या बेळगाव, बिदर व कारवार या जिल्ह्यांतल्या मुलांनाही संधी आहे. मुलींसाठी २०२३ पासून नाशिक येथे अशीच स्वतंत्र संस्था सुरू झाली असून तिथे ३० जागा आहेत.

माझ्या मते, ज्याचे वय आणि इयत्ता बसते त्या प्रत्येकाने ही प्रवेश परीक्षा द्यावी, निवड झाली नाही तरी. दहावीच्या सुट्टीत गणित आणि सामान्य ज्ञान यांची स्पर्धा परीक्षेच्या पद्धतीने केलेली तयारी पुढे दोन वर्षे उपयोगी पडते, आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होतात तेव्हा आपण कसे वागतो हेही तिथेच पहिल्यांदा कळते. एसपीआयचा खरा लाभ शिकवणीपुरता नाही. सभोवती त्याच ध्येयाची साठ मुले असणे, पहाटे धावायला सगळ्यांनीच उठणे, रोज कोणत्या ना कोणत्या विषयावर चारचौघांत बोलावे लागणे, हे घरी राहून मिळवणे फार कठीण असते.

साताऱ्याची सैनिक शाळा, चंद्रपूरची सैनिक शाळा आणि डेहराडूनचे राष्ट्रीय भारतीय सैन्य महाविद्यालय यांचे प्रवेश याहून लहान वयात होतात. सैनिक शाळेत सहावीला आणि नववीला, तर डेहराडूनला आठवीला प्रवेश मिळतो. त्यामुळे धाकट्या भावंडांसाठी ही माहिती घरी नोंदवून ठेवावी. दहावीतल्या विद्यार्थ्याने त्याची हळहळ करू नये. प्रबोधिनीत साध्या जिल्हा परिषदेच्या शाळांतून शिकलेली मुलेही पोहोचतात.

लेखी परीक्षा: किती गुण पुरतात

परीक्षा ९०० गुणांची असते. गणिताच्या पेपरात १२० प्रश्न आणि ३०० गुण, तर सामान्य क्षमता चाचणीत १५० प्रश्न आणि ६०० गुण. प्रत्येक पेपरला अडीच तास. सामान्य क्षमता चाचणीत २०० गुण इंग्रजीचे आणि ४०० गुण विज्ञान, इतिहास, भूगोल, स्वातंत्र्यलढा व चालू घडामोडी यांचे असतात. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते, मराठीत नसते. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याने गणित आणि विज्ञानाच्या इंग्रजी संज्ञा अकरावीच्या सुरुवातीलाच पक्क्या कराव्यात, कारण प्रश्न येत असूनही तो समजायला वेळ लागला म्हणून सुटणे हे नुकसान सहज टाळता येण्याजोगे आहे.

अलीकडच्या काही वर्षांत लेखी परीक्षेचा कटऑफ, म्हणजे पुढच्या टप्प्यासाठी लागणारे किमान गुण, कधी ३६० होता, तर कधी २९० च्या आसपास उतरला. शिवाय प्रत्येक पेपरात किमान ठरावीक टक्के गुण वेगळे मिळवावे लागतात, त्यामुळे गणित सोडून देऊन सामान्य ज्ञानावर तरून जाता येत नाही. हे आकडे अनेकांना आश्चर्यकारकपणे कमी वाटतात. दहावीला ९० टक्के मिळवलेल्या मुलाला ९०० पैकी ३२० हा आकडा अपयशासारखा दिसतो, आणि तिथेच त्याची पहिली चूक होते: तो सगळे प्रश्न सोडवायला धावतो.

गणिताच्या प्रत्येक बरोबर उत्तराला अडीच गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला ०.८३ गुण वजा होतात. सामान्य क्षमता चाचणीत बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकीला १.३३ वजा. समजा, विद्यार्थ्याने गणितातले ५० प्रश्न सोडवले आणि त्यांतले ४० बरोबर आले, तर त्याला १०० वजा ८.३, म्हणजे सुमारे ९२ गुण मिळाले. दुसऱ्या पेपरात त्याने ९० प्रश्न सोडवून ६५ बरोबर आणले, तर २६० वजा ३३, म्हणजे सुमारे २२७ गुण झाले. बेरीज ३१९. गणितातले ७० प्रश्न कोरे सोडूनही तो २०२३ आणि २०२४ च्या कटऑफच्या पुढे आहे. २०२२ चा पहिला कटऑफ मात्र त्याने ओलांडला नसता, म्हणून सरावाचे लक्ष्य ३८० ते ४०० ठेवावे. हा हिशोब विद्यार्थ्याने जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवताना प्रत्येक वेळी स्वतः मांडावा आणि वहीत किती प्रश्न बरोबर आले याच्या शेजारी किती प्रश्न अंदाजाने ठोकले हेही लिहावे. दुसरा आकडा हळूहळू कमी होत गेला तर तयारी योग्य दिशेने चालली आहे.

गणिताचा अभ्यासक्रम अकरावी-बारावीचाच आहे: बीजगणित, त्रिकोणमिती, आव्यूह (मॅट्रिक्स) व निश्चयक (डिटर्मिनंट), भूमिती, कलन, सदिश, सांख्यिकी आणि संभाव्यता. बोर्डाच्या परीक्षेत पायऱ्यांना गुण असतात, इथे केवळ उत्तराला असतात आणि एका प्रश्नाला सरासरी सव्वा मिनिट मिळते. म्हणून धडा बोर्डासाठी शिकल्यावर त्याच आठवड्यात त्यावरचे जुने एनडीएचे प्रश्न सोडवावेत. दोन्ही तयाऱ्या वेगळ्या ठेवल्या की बारावीच्या डिसेंबरात त्या एकमेकींचा वेळ खातात. इतिहास-भूगोलासाठी एनसीईआरटीची सहावी ते दहावीची पुस्तके नीट वाचणे पुरेसे आहे. राज्य मंडळाच्या पुस्तकांत महाराष्ट्राचा इतिहास सविस्तर असतो, देशपातळीवरचे प्रश्न मात्र त्याबाहेरून येतात.

इंग्रजीच्या २०० गुणांविषयी थोडे अधिक सांगणे भाग आहे. चुका ओळखणे, समानार्थी-विरुद्धार्थी शब्द, वाक्यातले विस्कळीत भाग जुळवणे, असे प्रश्न असतात आणि त्यांची तयारी याद्या पाठ करून होत नाही. रोज एका इंग्रजी वृत्तपत्राचे संपादकीय पान वाचणे, त्यातला एक परिच्छेद मोठ्याने वाचणे आणि त्याचा आशय स्वतःच्या चार इंग्रजी वाक्यांत मोठ्याने सांगणे, हा अर्ध्या तासाचा अभ्यास दोन वर्षे केला तर त्याचा उपयोग लेखी परीक्षेत होतोच, मुलाखतीच्या पाच दिवसांतही होतो. लहान गावातल्या मुलाला यासाठी क्लासची गरज नाही. त्याला ऐकणारे एखादे माणूस मिळाले की पुरे.

एसएसबीचे पाच दिवस

अंतिम निवड १,८०० गुणांवर होते. त्यांतले ९०० लेखी परीक्षेचे आणि ९०० सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाच्या, म्हणजे एसएसबीच्या मुलाखतीचे असतात. गेल्या काही वर्षांत अंतिम यादीतल्या शेवटच्या उमेदवाराचे गुण साधारण ६५० ते ७२० च्या दरम्यान राहिले आहेत. लेखीत ३२० मिळवलेल्याला एसएसबीत आणखी साडेतीनशे-चारशे गुणांची गरज पडते, तर लेखीत ४०० मिळवलेला थोड्या मोकळेपणाने बसू शकतो. लेखी परीक्षा केवळ चाळणी आहे, असा गैरसमज पसरलेला दिसतो. प्रत्यक्षात तिचा प्रत्येक गुण शेवटपर्यंत मोजला जातो.

पहिल्या दिवशी बुद्धिमापन चाचणी आणि एक चित्र दाखवून त्यावर गोष्ट लिहिण्याची व गटात चर्चा करण्याची चाचणी असते. बोलावलेल्यांपैकी मोठा भाग याच दिवशी परत पाठवला जातो. याला "स्क्रीन आउट" म्हणतात. राहिलेल्यांची दुसऱ्या दिवशी मानसशास्त्रीय चाचणी होते: बारा चित्रांवर गोष्टी, त्यांतले शेवटचे चित्र कोरे, पंधरा सेकंदांना एक याप्रमाणे ६० शब्दांवर वाक्ये, अर्ध्या तासात ६० प्रसंगांवर प्रतिक्रिया आणि स्वतःचे वर्णन. पुढचे दोन दिवस मैदानावरची सामूहिक कामे असतात. त्यांत गटचर्चा, नियोजनाचा प्रश्न, फळ्या आणि दोर वापरून अडथळे पार करणे, तीन मिनिटांचे भाषण, स्वतः प्रमुख होऊन काम करून घेणे अशा गोष्टी येतात. दरम्यान एका अधिकाऱ्यासमोर व्यक्तिगत मुलाखत होते आणि पाचव्या दिवशी सर्व परीक्षकांसमोर कॉन्फरन्स. उमेदवाराला छातीवर लावलेल्या क्रमांकाने, म्हणजे चेस्ट नंबरने हाक मारली जाते.

इथे जागांची संख्या ठरलेली नसते. एका तुकडीतले दहा जण रेकमेंड होऊ शकतात, म्हणजे त्यांची निवडीसाठी शिफारस होऊ शकते, आणि दुसऱ्या तुकडीतला एकही होऊ शकत नाही. म्हणून शेजारी बसलेला उमेदवार आपला प्रतिस्पर्धी आहे असे समजून त्याच्यावर ओरडून बोलणारा मुलगा स्वतःचेच नुकसान करतो. परीक्षक पाहत असतात ते हे की, माणूस विचार नीट करतो का, जबाबदारी घेतो का, इतरांना सोबत घेतो का आणि अडचणीत टिकतो का. अशा पंधरा गुणांची त्यांची एक निश्चित यादी असते.

ही तयारी मुलाखतीआधीच्या पंधरा दिवसांच्या क्लासमध्ये होऊ शकत नाही, असे मी ठामपणे म्हणेन. क्लासमधून चाचण्यांचे स्वरूप कळते आणि तेवढ्यापुरता त्याचा उपयोग आहे. परंतु तिथे पाठ केलेल्या गोष्टी आणि "आदर्श" उत्तरे मानसशास्त्रज्ञाने शेकडो वेळा वाचलेली असतात, आणि लिहिलेला माणूस, मैदानावरचा माणूस व मुलाखतीतला माणूस हे तिघे वेगळे दिसू लागले की उमेदवार बाद होतो. याउलट, ज्याने गणेशोत्सव मंडळाचा जमाखर्च सांभाळला आहे, वडील आजारी असताना ऐन हंगामात कांद्याची काढणी मजूर जमवून पार पाडली आहे, शाळेचा कबड्डी संघ तालुक्याला नेला आहे किंवा एनसीसीच्या शिबिरात दहा मुलांची जबाबदारी घेतली आहे, त्याच्याजवळ सांगण्यासारखे खरे काही असते. मुलाखतीपूर्वी भरून घेतल्या जाणाऱ्या वैयक्तिक माहितीच्या फॉर्मवरूनच बहुतेक प्रश्न निघतात. त्या फॉर्मातला "घेतलेल्या जबाबदाऱ्या" हा रकाना कोरा राहू नये, यासाठी नववी-दहावीपासून एखादे काम मनापासून हाती घ्यावे. प्रमाणपत्रांची संख्या वाढवण्यासाठी पाच ठिकाणी नाव नोंदवण्यापेक्षा एका ठिकाणी दोन वर्षे टिकून राहिलेले अधिक बोलते.

बोलण्याच्या बाबतीत मराठी मुले मागे पडतात ती ज्ञानाच्या अभावाने नव्हे, संकोचाने. गटचर्चेत आठ जण एकदम बोलत असतात तेव्हा शांतपणे पण ऐकू जाईल अशा आवाजात दोन मुद्दे मांडण्याची सवय असावी लागते. एसएसबीत इंग्रजीबरोबर हिंदीचा वापर चालतो, त्यामुळे इंग्रजी अडखळत असेल तर गप्प बसण्याऐवजी विचार पूर्ण करण्याकडे लक्ष द्यावे. घरी रोज एका विषयावर आरशासमोर नव्हे, कुटुंबातल्या माणसांसमोर तीन मिनिटे बोलावे. आजीला शेतमालाच्या भावाचा प्रश्न समजावून सांगता आला तर गटालाही सांगता येतो. आपला जिल्हा, त्यातले पाणी, पिके, उद्योग, आमदार-खासदार, जवळचा किल्ला यांविषयी विचारले जाते. दूरच्या देशांच्या राजधान्या ठाऊक असलेल्या मुलाला स्वतःच्या तालुक्यातले धरण माहीत नसणे परीक्षकाला खटकते.

हवाई दलाची उड्डाण शाखा मागणाऱ्यांसाठी एक इशारा आवश्यक आहे. त्यांची वैमानिक क्षमतेची संगणकीकृत चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. त्यात अनुत्तीर्ण झाल्यास ती शाखा कायमची बंद होते. ती देण्याआधी रात्री पूर्ण झोप घ्यावी आणि सूचना नीट ऐकाव्यात. अर्जातला पसंतीक्रमही विचारपूर्वक भरावा. मित्राने हवाई दल पहिले लिहिले म्हणून आपणही लिहिणे, याचे उत्तर मुलाखतीत देता येत नाही.

शरीर आणि वैद्यकीय तपासणी

या टप्प्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. दोन वर्षे अभ्यास केलेला, एसएसबीतून रेकमेंड झालेला मुलगा कानातला मळ, वाकडे नाकाचे हाड, हायड्रोसील, वाढलेले टॉन्सिल, व्हेरिकोसील, मूळव्याध किंवा जास्त वजन यांसाठी अडवला जातो. ही कारणे अधिसूचनेतच नमूद केलेली आहेत आणि त्यांवर आधी उपचार करून यावे असेही तिथे सांगितले आहे. म्हणून दहावीच्या सुट्टीत एकदा कान-नाक-घसा, डोळे, दात आणि सर्वसाधारण तपासणी जिल्हा रुग्णालयात किंवा शक्य असल्यास लष्करी रुग्णालयात काम केलेल्या एखाद्या निवृत्त डॉक्टरांकडे करून घ्यावी. रंगांधळेपणाची तपासणी तर अकरावीची शाखा निवडण्यापूर्वीच करावी, कारण त्यावर उपचार नाही आणि त्यामुळे काही शाखा बंद होतात. डोळ्यांचा नंबर घालवण्यासाठी लेझर शस्त्रक्रिया करण्यापूर्वी नियम वाचावेत. ती शस्त्रक्रियाच अपात्रतेचे कारण ठरू शकते.

भूदलासाठी मुलांची किमान उंची १५७ सेंटिमीटर आणि मुलींची १५२ सेंटिमीटर आहे. उड्डाण शाखेसाठी ती १६२.५ सेंटिमीटर लागते. जत्रेत हौसेने गोंदवून घेतलेली नक्षीही अडचण ठरते: कायमस्वरूपी टॅटू केवळ कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूस आणि तळहाताच्या मागच्या बाजूस चालतो.

शारीरिक क्षमतेसाठी अधिसूचनेत दिलेले माप साधे आहे: १५ मिनिटांत २.४ किलोमीटर धावणे, किमान २० जोर, किमान २० सिट-अप (आडवे पडून उठून बसणे), ८ चिन-अप आणि तीन-चार मीटर दोरावर चढणे. गावातल्या मैदानावर, झाडाला बांधलेल्या दोरावर हे सारे होते. अकरावीत सुरुवात केली तर घाई होत नाही आणि गुडघेही दुखत नाहीत.

तपासणीत अपात्र ठरवले गेल्यास तिथेच सारे संपत नाही. ४२ दिवसांच्या आत अपिलाच्या वैद्यकीय मंडळापुढे जाता येते आणि दोष दुरुस्त होण्याजोगा असेल तर तेवढ्या काळात शस्त्रक्रिया करून अनेक जण पात्र ठरतात. अपिलाचा कागद त्याच दिवशी मागून घ्यावा आणि त्यावर सही करण्यापूर्वी दोषाचे नाव नीट लिहून घ्यावे.

पालकांनी समजून घ्यायच्या दोन गोष्टी

प्रशिक्षण विनामूल्य असले तरी पालकांना बंधपत्र लिहून द्यावे लागते. कॅडेटने स्वतःच्या इच्छेने मध्येच प्रशिक्षण सोडले तर झालेला खर्च वसूल केला जाऊ शकतो. म्हणून मुलाला किंवा मुलीला ढकलून पाठवू नये. खडकवासल्याची तीन वर्षे शरीराला आणि मनाला फार कस लावणारी असतात, आणि ज्याला स्वतःला जायचे नाही त्याला ती पेलत नाहीत. दुसरी गोष्ट म्हणजे, उत्पन्न कमी असलेल्या कुटुंबांना खिशाखर्चासाठी आर्थिक साहाय्य मागता येते. त्याची अट आणि रक्कम अधिसूचनेच्या परिशिष्टात असते. निवडीनंतर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढून जिल्हाधिकाऱ्यांमार्फत प्रबोधिनीकडे त्यासाठी अर्ज करावा.

इतर मार्ग सोबत ठेवावेत

एनडीएची तयारी करत असताना बारावीचे गुण घसरू देऊ नयेत, कारण त्याच गुणांवर आणखी दोन दारे उघडतात. भूदलाची टेक्निकल एंट्री स्कीम आणि नौदलाची बी.टेक. कॅडेट योजना या दोन्हींत लेखी परीक्षा नाही. जेईई मेनची क्रमवारी आणि भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित यांचे गुण पाहून थेट एसएसबीला बोलावले जाते. भूदलाच्या योजनेला या तीन विषयांत किमान ६० टक्के आणि नौदलाच्या योजनेला ७० टक्के लागतात, आणि अभियांत्रिकीची पदवी सरकारी खर्चाने मिळते. जो मुलगा एनडीएच्या लेखी परीक्षेत थोडक्यात हुकतो आणि ज्याचे बारावीचे गुण चांगले आहेत, त्याच्यासाठी ही संधी अधिक जवळची असते. त्यासाठी बारावीत जेईई मेनचा अर्ज भरलेला असला पाहिजे, आणि नेमका तोच अनेक जण भरत नाहीत. जीवशास्त्र घेतलेल्यांसाठी पुण्याचे सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याचा प्रवेश नीट परीक्षेतून होतो.

साडेएकोणीस वर्षे उलटली आणि निवड झाली नाही, तर पदवीला प्रवेश घेऊन महाविद्यालयातली एनसीसी धरावी आणि सी प्रमाणपत्र मिळवावे. पदवीनंतर सीडीएस (संयुक्त संरक्षण सेवा) परीक्षेतून डेहराडूनला किंवा चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीत जाता येते आणि एनसीसीच्या विशेष प्रवेशात लेखी परीक्षाही नसते. एसएसबीत आधी बाद झाल्याची नोंद पुढच्या वेळी लपवायची नसते. फॉर्ममध्ये ती खरी लिहावी लागते, आणि मागच्या वेळेपासून आपल्यात काय बदलले याचे प्रामाणिक उत्तर तयार असावे लागते. त्या उत्तराची तयारी बाद झाल्याच्या आठवड्यातच सुरू करावी. पाचही दिवस आठवून प्रत्येक कामात आपण काय केले, कुठे गप्प बसलो आणि कोणत्या प्रश्नाला उत्तर देता आले नाही, हे सविस्तर लिहून ठेवावे.